पिकअपची उंची वाढवणे किंवा समतल करणे: आरटीओची परवानगी, कागदपत्रे आणि अर्ज अडण्याची कारणे

मागचे पाटे बसले, गाडी एका अंगाला कलली, किंवा शेतरस्त्यावर पोट घासते म्हणून ती दीड-दोन इंच उचलून घ्यावीशी वाटली, की बहुतेक पिकअपमालक आधी गॅरेज गाठतात आणि काम झाल्यावर आरटीओ कार्यालयात चौकशी करतात. अर्ज नामंजूर होण्याचे मोठे कारण हा उलटा क्रमच आहे. दुसरे कारण असे की ज्या कामासाठी अर्जाची गरजच नाही त्यासाठी लोक खेटे घालतात, आणि ज्याला पूर्वपरवानगीशिवाय हातही लावू नये ते काम ‘किरकोळ’ म्हणून उरकून टाकतात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. गाडीच्या रचनेत असा फेरफार, ज्याने तिचे मूलभूत वैशिष्ट्य बदलते, त्याला हे कलम ‘बदल’ म्हणते. आरसीवर गाडी जमिनीपासून किती उंच असावी याचा रकाना नाही, मग उंची वाढवली तर बिघडले काय, असा युक्तिवाद गॅरेजमध्ये हमखास ऐकायला मिळतो. तो कार्यालयात टिकत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी उत्पादकाच्या मूळ तपशिलाला सोडून केलेल्या बदलांना परवानगी नाकारली, आणि तेव्हापासून आरटीओचे निरीक्षक उत्पादकाच्या मूळ तपशिलाकडे अधिक काटेकोरपणे पाहतात.

म्हणून अर्जाचा विचार करण्यापूर्वी आपले काम दुरुस्तीचे आहे की बदलाचे, हे आधी ठरवावे. गाडी रिकामी करून सपाट जागी उभी करावी, चारही टायरांत उत्पादकाने सांगितलेली हवा भरावी आणि प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग पुढच्यापेक्षा उंच असणे हा दोष नाही. माल भरल्यावर गाडी समतल व्हावी म्हणून उत्पादकानेच ती तशी बनवलेली असते. डाव्या-उजव्या बाजूंत ठळक फरक दिसला तर मात्र पाटा मोडलेला, स्प्रिंग बसलेली किंवा बुश (जोडांतील रबरी भाग) झिजलेले असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी मूळ क्रमांकाचेच पाटे, तेवढ्याच संख्येने, आणि त्याच प्रकारचे शॉकअप बसवून गाडी मूळ उंचीवर आणणे ही दुरुस्ती होय. तिला परवानगी लागत नाही. सुट्या भागांचे क्रमांक असलेले पक्के बिल मात्र जपून ठेवावे, कारण फिटनेस तपासणीच्या वेळी नवे पाटे पाहून निरीक्षकाने प्रश्न विचारला तर तेच एक उत्तर आपल्या हातात असते.

मूळ संख्येपेक्षा जास्त पाटे टाकणे, पुढे स्पेसर (उंची वाढवणारा जाड तुकडा) घालून गाडी उचलणे, उंच स्प्रिंग बसवणे किंवा त्यासोबत मोठ्या आकाराचे टायर लावणे हा मात्र बदल आहे. मालवाहू गाडीच्या नोंदणीत टायरचा आकार आणि आसावरील (ॲक्सलवरील) भार यांचीही नोंद असते, त्यामुळे टायरचा फरक तर कागदावरच पकडला जातो. जादा पाटा टाकल्याने गाडीची क्षमता वाढते हाही असाच एक गैरसमज. आरसीवरचे कमाल भारित वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून चालणारे वजन, पाट्याने बदलत नाही, आणि त्याहून जास्त माल भरल्यास कलम १९४ नुसार वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंड आहे.

खरी अडचण येते ती प्रमाणपत्रापाशी. उंची वाढवण्याचे किट विकणारा ‘एआरएआय (वाहनांची चाचणी घेणारी संस्था) मान्यताप्राप्त’ अशा अर्थाचा छापील कागद देतो आणि अर्जदार तो मोठ्या विश्वासाने जोडतो. हा कागद कशाचा आहे, हे पैसे देण्यापूर्वी वाचावे. अनेकदा तो सुट्या शॉकअपच्या किंवा स्प्रिंगच्या गुणवत्तेबद्दल असतो, किंवा भलत्याच मॉडेलचा असतो. निरीक्षकाला हवे असते ते तुमच्या मॉडेलवर तो भाग बसवल्यानंतर गाडी नियमांत बसते असे सांगणारे, उत्पादकाचे किंवा केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मान्य असलेल्या चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र. पुण्यातील एआरएआय आणि सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई, मानेसरची आयकॅट या अशा संस्था आहेत. एकट्या मालकाने एका गाडीसाठी अशी चाचणी करून घेणे परवडणारे नाही, हे कार्यालयालाही ठाऊक असते. तरीही खिडकीवर ‘प्रमाणपत्र आणा’ एवढेच सांगून माणसाला परत पाठवले जाते. सीएनजी किटसाठी जशी ठरलेली वाट आहे तशी उंची वाढवणाऱ्या किटसाठी नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितले तर कितीतरी लोकांचे पैसे वाचतील. तुमच्या मॉडेलसाठी उत्पादकानेच मान्य केलेला भाग उपलब्ध असेल आणि त्याचे लेखी पत्र मिळत असेल, तरच अर्जाच्या वाटेला जावे.

दुसरा घोळ चौदा दिवसांचा आहे. बदल केल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावे, असे कलम ५२ मध्ये आहे, आणि ‘आधी काम करा, चौदा दिवसांत कळवले की झाले नियमित’ असा त्याचा सोयीचा अर्थ एजंट लावून देतात. ही मुदत मान्यता घेऊन केलेला बदल आरसीवर नोंदवून घेण्यासाठी आहे. विनापरवाना केलेले काम तिने पावन होत नाही. उलट असा अर्ज म्हणजे आपल्याच सहीचा कबुलीजबाब ठरतो. कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात.

गाडीवर कर्ज असेल तर वित्तपुरवठादाराचे संमतिपत्र लागते. येथे बरेच जण नमुना ३५ घेऊन येतात किंवा तो मिळत नाही म्हणून थांबून राहतात. नमुना ३५ हा कर्ज फिटल्यावर बोजा उतरवण्याचा आहे. बदलासाठी हवे असते ते कर्ज चालू असताना ‘या बदलास आमची हरकत नाही’ असे सांगणारे, वाहन क्रमांक आणि बदलाचे स्वरूप लिहिलेले पत्र. शाखेत तेच शब्द लिहून मागावे.

बाकीची प्रक्रिया सरळ आहे: परिवहन संकेतस्थळावर बदलाचा अर्ज आणि शुल्क भरावे, आरसी, विमा, पीयूसी, ओळख व पत्त्याचा पुरावा, चेसिस क्रमांकाचा पेन्सिल ठसा आणि मालवाहू गाडीचे फिटनेस प्रमाणपत्र जोडावे, थकीत कर व चलन आधीच भरून टाकावे आणि ठरल्या दिवशी गाडी तपासणीला न्यावी. नोंदणीला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद असल्यास ओटीपी येत नाही व अर्ज तिथेच थांबतो, म्हणून तो आधी बदलून घ्यावा.

मान्य भाग बसवला तरी तपासणीत दोन गोष्टी नडतात. पुढचा भाग उचलला की हेडलाइटचा झोत वर जातो, त्यामुळे दिव्यांची दिशा पुन्हा लावून घ्यावी लागते. मागचा भाग उचलल्यास ब्रेकचे पाहावे: अनेक पिकअपमध्ये मागच्या आसाला जोडलेला एक व्हॉल्व्ह चॅसी (गाडीचा सांगाडा) आणि आस यांच्यातील अंतरावरून गाडीवर किती भार आहे हे ठरवतो व त्याप्रमाणे मागच्या ब्रेकला दाब देतो. अंतर वाढले की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. ब्रेकवरचा हा परिणाम पाटे बसवणाऱ्याच्या लक्षात असतोच असे नाही.

पाण्याची टाकी, शीतपेटी किंवा बंद बॉडी कायमची बसवल्याने मागचा भाग दबलेला असेल तर पाट्यांचा अर्ज मुळात चुकीचाच आहे. तेथे बॉडीचा प्रकार आणि रिकामे वजन बदलते, आणि त्या बदलाची मान्यता व नोंद आधी करून घ्यावी; सोबत वजनकाट्याची पावती लागते. कमाल भारित वजन तेच राहत असल्याने माल नेण्याची मुभा तेवढी कमी होते, हे व्यवहाराचे गणित मांडताना धरावे. मान्य झालेला कोणताही बदल विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी.

अर्ज नाकारला गेल्यास कारणासह लेखी आदेश मागावा. कलम ५७ नुसार अपील करता येते, पण त्याची तीस दिवसांची मुदत आदेशाची सूचना मिळाल्या दिवसापासून मोजतात, आणि खिडकीवरच्या ‘होत नाही’ या तोंडी उत्तराला तारीखही नसते आणि सहीही नसते.