प्रवाळाभोवतीचे एक मिलिमीटर पाणी

जर्मनीत स्थायिक झालेल्या माझ्या मावसभावाने घरात खाऱ्या पाण्याचे, जिवंत प्रवाळांचे मत्स्यालय उभारले आहे. गेल्या हिवाळ्यात त्याने जुने दिवे काढून अधिक प्रखर एलईडी दिवे बसवले आणि आठवडाभरातच वरच्या खडकावरचे प्रवाळ पांढरे पडू लागले. उजेड जास्त झाला हे त्याच्या ध्यानात आले होते, परंतु बोलण्याच्या ओघात त्याने आणखी एक गोष्ट सांगितली आणि तिच्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला. माशांना शांत झोप मिळावी म्हणून तो रात्री दिव्यांबरोबर पाणी फिरवणारे पंपही बंद करीत असे. दिवा म्हणजे प्रवाळाचे अन्न आणि पंप म्हणजे पाणी स्वच्छ राखण्याची सोय, ही समजूत अनेक हौशी लोकांमध्ये आढळते. ती चुकीची आहे, कारण प्रकाश आणि प्रवाह यांचा प्रवाळाच्या शरीरात एकाच ठिकाणी संबंध येतो आणि एकाचे प्रमाण ठरवल्याशिवाय दुसऱ्याचे ठरवता येत नाही.

प्रवाळ हा प्राणी आहे, हे आपण शाळेत शिकलेले असतो. भित्ती उभारणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींमध्ये एकपेशीय शैवाल राहते, ते प्रकाशसंश्लेषण करते आणि तयार झालेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानाला देते. मात्र या व्यवहारासाठी लागणारा कार्बन बाहेरच्या पाण्यातून आत यावा लागतो आणि निर्माण होणारा ऑक्सिजन बाहेर पडावा लागतो. प्रवाळाला कल्ले नाहीत, हृदय नाही, रक्त खेळवणाऱ्या वाहिन्या नाहीत. त्यामुळे ही ने-आण त्याच्या त्वचेला चिकटून असलेल्या पाण्याच्या अत्यंत पातळ थरातूनच होते. माझ्या मते प्रवाळांच्या मत्स्यालयाचे सारे मर्म या थरात आहे.

पावसाळ्यात घरात वाळत घातलेले कपडे पंखा लावल्यावर लवकर वाळतात, हा सर्वांचा अनुभव आहे. पंखा खोलीतील हवा कोरडी करीत नाही. कापडाला लगटून बसलेला दमट हवेचा थर तो पातळ करतो. वाहत्या द्रवाचा किंवा वायूचा जो भाग पृष्ठभागाशी येऊन मंदावतो आणि अगदी पृष्ठभागालगत थांबतो, त्याला सीमास्तर म्हणतात. लुडविग प्रांट्ल या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली हायडेलबर्ग येथील गणितज्ञांच्या परिषदेत ही कल्पना मांडली आणि पुढे विमानाच्या पंखांपासून नळातील पाण्यापर्यंत सर्वत्र तिचा उपयोग झाला. प्रवाळालाही ती तंतोतंत लागू पडते.

सीमास्तराच्या तळाशी पाणी जवळजवळ स्थिर असल्यामुळे तेथे रेणूंना केवळ विसरणाने, म्हणजे दिशाहीन धक्के खात, पुढे सरकावे लागते. विसरणाचा नियम असा आहे की लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाण्यातील ऑक्सिजनसाठी हिशेब केला, तर एक दशांश मिलिमीटर ओलांडायला साधारण अडीच सेकंद लागतात, एक मिलिमीटर ओलांडायला सुमारे चार मिनिटे आणि एक सेंटिमीटर ओलांडायला जवळजवळ सात तास. प्रवाळावरील हा थर प्रवाहानुसार मिलिमीटरच्या काही दशांशांपासून एक-दोन मिलिमीटरपर्यंत बदलतो. टाकीतील पाण्याची तपासणी कितीही निर्दोष आली, तरी प्रवाळ प्रत्यक्षात जगतो तो या थरातल्या पाण्यात, आणि ते पाणी वेगळे असू शकते.

किती वेगळे, हे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांतून दिसले. मायकेल क्युल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिसूक्ष्म विद्युदग्रांच्या, म्हणजे इलेक्ट्रोडच्या, साहाय्याने प्रवाळाच्या ऊतींमधील ऑक्सिजन मोजला. प्रखर उजेडात तो हवेशी समतोल असलेल्या पाण्यातील प्रमाणाच्या सुमारे अडीचशे टक्क्यांपर्यंत चढला आणि दिवा मालवल्यावर काही मिनिटांतच जवळजवळ शून्यावर आला. दिवसा प्रवाळ ऑक्सिजनने गुदमरण्याच्या बेतात असतो आणि रात्री त्याच्याविना. रात्री पंप बंद ठेवण्यातील धोका यावरून स्पष्ट व्हावा.

दिवसाचा प्रश्न थोडा अधिक गुंतागुंतीचा आहे. प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइड पकडण्याचे काम रुबिस्को नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, करते. या विकराचा एक जुना दोष असा की कार्बन डायऑक्साइडच्या जागी ते कधीकधी ऑक्सिजन पकडते, आणि तसे झाले की साखर तयार होण्याऐवजी ऊर्जा वाया जाते. प्रवाळांतील शैवालाकडे जो रुबिस्को आहे, तो या दोन वायूंमध्ये फरक करण्यात गव्हातील किंवा भातातील रुबिस्कोपेक्षा बराच कमी पडतो. त्यामुळे आत ऑक्सिजन साचला की प्रकाश भरपूर असूनही साखरेचे उत्पादन घटते. शोषलेल्या प्रकाशाची ऊर्जा वापराविना राहते आणि तिच्यापासून ऑक्सिजनची विध्वंसक रूपे तयार होतात. ती पेशींना इजा करतात. अखेरीस प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. ताली मास आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिले की प्रवाह वाढवल्यावर प्रकाशसंश्लेषण वाढते, ते मुख्यतः ऑक्सिजन बाहेर वाहून नेला गेल्यामुळे. पंप प्रवाळाला काही आणून देतो याहून, तो काय घेऊन जातो हे येथे महत्त्वाचे ठरते.

१९९८ सालच्या जागतिक विरंजनानंतर ताकाशी नाकामुरा आणि रॉबर्ट व्हॅन वोसिक यांनी ओकिनावा या जपानी बेटाजवळच्या, फांद्यांसारख्या वाढणाऱ्या दगडी अ‍ॅक्रोपोरा प्रवाळांवर प्रयोग केले. पाणी आणि ऊन दोन्ही तापदायक असताना सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर वेगाच्या पाण्यातील प्रवाळांची मोठी हानी झाली, तर पन्नास ते सत्तर सेंटिमीटर वेगाच्या पाण्यातील प्रवाळ टिकले. प्रवाळ स्वतःही निष्क्रिय नसतो. आपल्या पृष्ठभागावरील सूक्ष्म केसलांच्या, म्हणजे केसांसारख्या तंतूंच्या, हालचालींनी तो लगतच्या पाण्यात चिमुकले भोवरे निर्माण करतो, हे २०१४ साली चित्रित झाले. ते भोवरे मी प्रथम पाहिले तेव्हा कितीतरी वेळ त्यांच्यावरून नजर हटेना.

आता घरातील टाकीकडे येऊ. विक्रेते ‘उलाढाल’ सांगतात: पंप तासाला टाकीच्या किती पट पाणी फेकतो. १२० सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि ५० उंच अशी ३०० लिटरची टाकी घ्या. तासाला ९,००० लिटरचा पंप म्हणजे तीसपट उलाढाल, आणि हा आकडा भरघोस वाटतो. पण ९,००० लिटर म्हणजे सेकंदाला अडीच लिटर. टाकीच्या ५० बाय ५० सेंटिमीटरच्या छेदावर ते समान पसरले, तर सरासरी वेग सेकंदाला अवघा एक सेंटिमीटर येतो. प्रत्यक्षात पंपाची धार आजूबाजूचे पाणीही ओढून नेते, म्हणून वेग याहून जास्त मिळतो. तरीही पाणी कुठे आणि कसे फिरते हे त्या आकड्यातून कळत नाही. अरुंद तोंडाच्या पंपाची तीक्ष्ण धार समोरच्या प्रवाळाची ऊती खरवडून काढते आणि बाजूचे कोपरे मृत ठेवते. पंख्याच्या पात्यांसारखी पाती असलेला रुंद तोंडाचा पंप तेवढेच पाणी सौम्यपणे, पण मोठ्या पट्ट्यात हलवतो. प्रवाळांसाठी तोच घ्यावा.

दोन पंप समोरासमोरच्या काचांवर लावून त्यांचा जोर आलटूनपालटून बदलता ठेवावा. सतत एकाच दिशेने वाहणाऱ्या पाण्यात सीमास्तर स्थिरावतो, तर लाटेसारख्या मागेपुढे होणाऱ्या पाण्यात तो पुन्हा पुन्हा मोडतो. गुळगुळीत सपाट पृष्ठभागावर वेग चौपट केला तर हा थर साधारण निम्मा होतो, म्हणून केवळ जोर वाढवत राहण्याचा लाभ उत्तरोत्तर घटतो. वेग मोजायला महागडे यंत्र लागत नाही: माशांच्या खाद्याचा कण प्रवाळाजवळून जाताना दहा सेंटिमीटर अंतर किती सेकंदांत कापतो, ते घड्याळ लावून पाहावे. अ‍ॅक्रोपोरासाठी एक सेकंद किंवा त्याहून कमी वेळ हवा. मऊ प्रवाळांना याहून संथ पाणी चालते.

प्रकाशाबाबत सर्वांत मोठा घोळ मोजमापाचा आहे. लक्समापक हा मानवी डोळ्याच्या संवेदनेवर बेतलेला असतो आणि आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला त्याचा प्रतिसाद त्याच्या जेमतेम चार टक्के असतो. समुद्रात तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, निळा खोलवर पोहोचतो आणि प्रवाळांतील शैवाल तोच वापरते. म्हणून निळे एलईडी आपल्याला मंद भासतात आणि माणूस जोर वाढवत जातो. मोजायचे असतात ते ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील प्रकाशकण, म्हणजे ‘पार’. एकक मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद. मऊ प्रवाळांना ५० ते १५०, तर अ‍ॅक्रोपोराला २०० ते ३५० पुरतात. ‘पूर्ण वर्णपट’ वा ‘इतके वॅट’ अशा जाहिरातींतून यातले काहीच समजत नाही. नवा दिवा निम्म्या जोरावर सुरू करून चार ते सहा आठवड्यांत वाढवावा, कारण शैवालाला आपली रंगद्रव्ये जुळवून घ्यायला वेळ लागतो.

सर्वच प्रवाळांना प्रकाश लागतो असेही नाही. मंगळाच्या शांतीसाठी अंगठीत घातले जाणारे अस्सल पोवळे हा भूमध्य समुद्रातील एका प्रवाळाचा सांगाडा आहे. त्याच्या शरीरात शैवाल नसते; तो अंधाऱ्या कपारींत, पाणी वाहून आणील त्या अन्नकणांवर जगतो आणि त्याची जाडी वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही. त्याचा लाल रंग कॅरोटिनॉइड रंगद्रव्याचा असतो आणि मंगळाशी त्याचे नाते रंगसाम्यावरून माणसाने जोडलेले आहे. त्या समजुतीपायी शतकानुशतकांची वाढ तोडली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

भारतात दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून मालवण किंवा गोव्यातील ग्रँड बेटाजवळच्या प्रवाळाचा तुकडा घरी आणणे हा गुन्हा आहे. युरोपात टाक्यांमध्येच वाढवलेल्या प्रवाळांचे तुकडे हौशी लोक एकमेकांना देतात; माझ्या भावाकडचे प्रवाळ त्यांतलेच आहेत.

त्याने आता दिव्यांचा जोर चाळीस टक्क्यांवर आणला आहे, रात्री पंप अर्ध्या गतीने चालू ठेवतो आणि वीज गेल्यास एक पंप बॅटरीवर चालेल अशी सोय केली आहे. पांढऱ्या पडलेल्या सहा प्रवाळांपैकी चारांवर तपकिरी छटा परत येऊ लागली आहे. ते वाढून फांद्या दाट झाल्या की त्यांच्यामधला प्रवाह अडेल, तेव्हा खाद्याचा कण आणि घड्याळ घेऊन त्याला पुन्हा मोजणी करावी लागेल.