दहा फूट सरकलो तर जळून जाऊ?

‘पृथ्वी सूर्याच्या दहा फूट जवळ असती तर आपण भाजून निघालो असतो, लांब असती तर गोठलो असतो’ हा फॉरवर्ड सुप्रभातसोबत अजून येतोच. अहो, जिना चढून वरच्या मजल्यावर गेलात तरी दहा फूट होतात! पृथ्वीची कक्षाच लंबवर्तुळाकार. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य साधारण १४.७ कोटी किलोमीटरवर, जुलैत १५.२ कोटींवर. म्हणजे दरवर्षी ५० लाख किलोमीटरची ये-जा, आणि सर्वांत जवळ असतो तेव्हा आपण स्वेटर घालून शेकोटीपाशी. (ऋतू होतात ते पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे.) अंतराला महत्त्व आहेच, पण हवेलाही. सुमारे चार अब्ज वर्षांपूर्वी सूर्य आजच्यापेक्षा पाव भागाने तरी मंद होता. तरीही इथे पाणी होतं, कारण हरितगृह वायूंची गोधडी जाड होती.