बालवत् विश्वास

बालवत् विश्वास : ख्रिस्ती अध्यात्मातील एक संकल्पना. लेकराने आईबापावर टाकावा तसा सगळा भार देवावर टाकणे आणि आपल्या पुण्याईचा हिशेब मांडत न बसणे, असा तिचा आशय आहे. तिचे मूळ शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधील ग्रंथांत, आहे. तिला स्वतंत्र साधनामार्गाचे रूप मात्र फ्रान्समधील लिझ्यूच्या मठातील कार्मेलाइट (एका कॅथलिक मठवासी संघातील) जोगीण संत तेरेजा (१८७३–१८९७) हिच्यामुळे आले. तिच्या रीतीला ‘छोटा मार्ग’ म्हणतात.

‘स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण?’ असे शिष्यांनी विचारले, तेव्हा येशूने एका बालकाला त्यांच्यामध्ये उभे केले, अशी कथा मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात येते. मार्कच्या १० व्या अध्यायात लोक मुलांना घेऊन येतात, शिष्य त्यांना दटावतात आणि येशू शिष्यांवरच रागावतो. या उताऱ्यांचा अर्थ ‘मुलांसारखे निरागस व्हा’ असा सर्रास लावला जातो. पण मुले सदैव निरागस असतात, असे त्यांच्याबरोबर चार दिवस न काढलेला माणूसच म्हणेल. प्रश्न मोठेपणाचा होता, आणि त्या काळच्या समाजात मुलाला मानमरातब नव्हता. मूल हक्क सांगत नाही, दिलेले घेते. उदाहरणाचा रोख तिकडे दिसतो. विचार करणे सोडून द्यावे, असाही याचा अर्थ नाही. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल बजावतो, की दुष्टपणाच्या बाबतीत तान्ही बाळे असा, समजुतीच्या बाबतीत प्रौढ व्हा.

तेरेजा साडेचार वर्षांची असताना तिची आई वारली. १४ व्या वर्षी ती वडिलांबरोबर रोमला गेली आणि २० नोव्हेंबर १८८७ रोजी तेराव्या लिओ पोपसमोर गुडघे टेकून, १५ व्या वर्षी मठात घ्यावे, अशी विनंती तिने केली. मूल म्हणजे मुकाट्याने बसणारे, ही समजूत तिच्याबाबत तरी खोटी ठरते. ९ एप्रिल १८८८ रोजी तिला मठात प्रवेश मिळाला.

रोमच्या त्या प्रवासात तिने एक नवलाची वस्तू पाहिली होती : लिफ्ट. पुढे १८९७ मध्ये आठवणी लिहिताना तिने तीच उपमा वापरली. श्रीमंतांच्या घरी आता जिने चढावे लागत नाहीत. पूर्णत्वाचा खडा जिना चढायला मी फार लहान आहे, तेव्हा मलाही अशीच लिफ्ट हवी, असे ती म्हणते. मठात तिच्याजवळ संपूर्ण जुना करार (बायबलचा पहिला भाग) नव्हता. बहीण सेलीन हिने वहीत उतरवून आणलेल्या उताऱ्यांत तिला दोन वचने सापडली. त्यातील नीतिसूत्रे या ग्रंथातील वचन लहानग्याला जवळ बोलावणारे होते, तर यशया या ग्रंथातील वचनात आई बाळाला मांडीवर खेळवते तसे देव करील, असे होते. येशूचे हात हीच लिफ्ट, आणि म्हणून मोठे व्हायचे कारण नाही, असा तिचा निष्कर्ष होता. प्रार्थनेत तिला डुलकी लागे, याचीही तिला खंत नव्हती. झोपलेले मूलही आईबापांना तितकेच लाडके असते, असे ती लिहिते.

हा गोडवा वरवरचा आहे, असा आक्षेप घेतला जातो. तिचे शेवटचे १८ महिने पाहिले तर तो टिकत नाही. एप्रिल १८९६ मध्ये तिला रक्ताची उलटी झाली. निदान क्षयाचे होते. पाठोपाठ, स्वर्ग आहे की नाही, या अंधाराने तिला गाठले. आपण देवावर विश्वास नसलेल्यांच्या पंगतीला बसलो आहोत, असे तिने लिहिले. विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची कबुली, तिने स्वतःच्या रक्ताने लिहून छातीशी बाळगला. काही जाणवत नसतानाही हात न सोडणे, हा तिच्या बालवत् विश्वासाचा कठीण भाग होता. ३० सप्टेंबर १८९७ रोजी, २४ व्या वर्षी ती वारली.

तिच्या लेखनावर तिच्या एका मोठ्या बहिणीने, मदर आग्नेसने, बराच हात फिरवला आणि ते १८९८ मध्ये छापले गेले. मूळ हस्तलिखिते जशीच्या तशी १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या मार्गासाठी रुळलेला ‘आध्यात्मिक बालपण’ हा शब्दप्रयोगही मूळ तिचा नव्हे. १९२५ मध्ये तिला संतपद मिळाले. १९२७ मध्ये, मठाबाहेर धर्मप्रसाराला कधीही न गेलेली ही जोगीण धर्मप्रसारक संत फ्रान्सिस झेवियरच्या जोडीने मिशनकार्याची आश्रयदाती संत ठरली. १९९७ मध्ये दुसऱ्या जॉन पॉल पोपने तिला ‘चर्चचे आचार्य’ हे, शिकवणीसाठी मान्य झालेल्या संतांना मिळणारे पद दिले. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांनी नाव घेतले ते हिचेच, स्पेनमधील आविलाच्या संत तेरेसाचे नव्हे. भारतात शाळांना दिसणारे ‘लिटल फ्लॉवर’ हे नावही हिच्यावरूनच आले आहे.

मराठीत हा भाव वेगळ्या वाटेने आला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले प्रॉटेस्टंट कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा लिझ्यूशी काही संबंध नव्हता. त्यांच्या कानावर वारकऱ्यांचे अभंग होते. तेरेजाला आईची उपमा बहिणीच्या वहीत शोधावी लागली. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या भाषेत टिळकांना ती आयती मिळाली, आणि त्यांच्या भजनांत ख्रिस्त माउली झाला.