ग्रीस मारलं म्हणून बॉल जॉइंट बरा होत नाही
‘खडखडतंय? ग्रीस मार, बसेल.’ गॅरेजच्या बाकड्यावरचा हा जुना सल्ला. बॉल जॉइंट म्हणजे पुढचं चाक सस्पेन्शनच्या आर्मशी (दांड्याशी) जोडणारा, वाटीत फिरणारा गोळा. आवाज बसतोही, आठवडाभर! पण झिजलेला गोळा आणि वाटी ग्रीसनं भरून येत नाहीत. जॉइंटवरचा रबरी बूट (आवरण) फाटून आत माती गेली की झीज चालूच.

जॉइंटमधला खेळ, म्हणजे ढिलेपणा, तपासताना बहुतेक जण जॅक चेसीखाली लावतात, तिथंच फसतात. पिकअपचा स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी) खालच्या आर्मवर असेल, तर जॅक त्या आर्मखालीच हवा. नाहीतर स्प्रिंगचा ताण खेळ लपवतो. मग टायरखाली पहार घालून उचला, नजर जॉइंटवर ठेवा. कंपनीच्या मर्यादेपेक्षा जास्त हलला, तर नवाच टाका.

बसवताना कॅसल नटाची, म्हणजे खाचा असलेल्या नटाची, खाच जॉइंटच्या बोल्टमधल्या भोकाशी जुळेना, तर नट सैल करू नका, किंचित आवळा. त्या भोकातून घालायची स्प्लिट पिन नवी. शेवटी चाकांची अलाइनमेंट.