जाड तेलाने हाउसिंग बरी होत नाही

जुन्या ट्रकची मागची हाउसिंग (मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरची पेटी) रडायला लागली, की निगडीपासून कात्रजपर्यंत सल्ला एकच: ‘नव्वद ग्रेडचं गिअर तेल काढ, जाड एकशेचाळीस भर, आवाज बंद!’ आवाज दबतो, हे खरं. पण झीज चालूच राहते. शिवाय थंडीत जाड तेल पिनियनच्या (शाफ्टने फिरणाऱ्या लहान गिअरच्या) पुढच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं. कंपनीने सांगितलेलाच ग्रेड भरावा.

आधी आवाज कधी येतो ते बघा. घाट चढताना, इंजिन ओढत असताना घुमतो? बहुधा क्राउन (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) आणि पिनियनच्या दातांची बैठक बिघडलीय. एक्सलेटर सोडल्यावरच घुमतो? पिनियन बेअरिंगवर संशय घ्या. फक्त वळणावर खडखडतो? स्टार पिनियन (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळा वेग देणारे लहान गिअर) किंवा चाकाचं बेअरिंग. गिअर टाकताना ‘खट्’ झालं, तर आधी शाफ्टचा क्रॉस (सांधा) हलवून बघा. त्यापायी अख्खी हाउसिंग उतरवणारे महाभागही आहेत.

मग ड्रेन प्लग (तेल सोडायचं बूच) काढा. त्याच्या चुंबकावर करडी, मऊ पेस्ट असेल तर घाबरू नका. बोटाला टोचणारे तुकडे असतील, तर हाउसिंग उघडावीच लागेल. क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदला; भंगार बाजारातून एकच आणून बसवलं तर नवा आवाज फुकट मिळतो. बसवताना बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजनेच (काट्याच्या मापकानेच) मोजा, हाताच्या अंदाजाने नाही.