१७ इंचांची प्लेट आणि एका बॅटचा निकाल : पार्श्वभूमी

२०२६ च्या हंगामापासून अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये बॉल-स्ट्राइकच्या, म्हणजे टाकलेला चेंडू वाईट (बॉल) की चांगला (स्ट्राइक) या पंचाच्या निर्णयावर खेळाडूंना यंत्राकडे दाद मागता येते. प्रत्येक संघाला सामन्यात दोन संधी आहेत. दाद खरी ठरली तर संधी कायम राहते, खोटी ठरली तर एक कमी होते. दाद मागायची ती पिचर (चेंडू टाकणारा), कॅचर (बॅटरमागे झेलणारा) किंवा बॅटर या तिघांपैकीच कोणी, डोक्यावर हात थोपटून आणि लगेच. डगआउटमधून, म्हणजे संघ बसतो तिथून, कोणी खुणावलेले चालत नाही.

विदर्भातल्या तालुका-जिल्हा शालेय स्पर्धांमध्ये असे यंत्र नाही आणि लवकर येण्याची चिन्हेही नाहीत. तरी पंचाचा शब्द कुठवर अंतिम मानायचा, हा प्रश्न इथे अमेरिकेपेक्षा हलका नाही. जिल्ह्यातून विभागात आणि विभागातून राज्यावर गेलेल्या मुलीला दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळू शकतात. पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. शेवटच्या इनिंगमधला एक चुकीचा निर्णय शेतमजुराच्या लेकीचे पुढचे वर्ष बदलू शकतो. म्हणून मैदानाच्या कडेने "पंचाले दिसते का नाई बे?" असे कोणी ओरडले आणि सगळे हसले, तरी त्या हसण्यात काळजी असते.

देशात सॉफ्टबॉलची (बेसबॉलचाच लहान मैदानावरचा प्रकार) संघटना १९६१ मध्ये जोधपूरला स्थापन झाली, बेसबॉलची १९८० च्या दशकात. शाळांमध्ये आजही सॉफ्टबॉलचा संघ आधी उभा राहतो. कारण साधे आहे: बेसबॉलला दोन बेसमध्ये (धावताना शिवायच्या टप्प्यांमध्ये) २७.४३ मीटर अंतर लागते, सॉफ्टबॉलला १८.२९ मीटरमध्ये काम भागते.

या खेळाच्या शब्दांमध्ये सगळ्यात मोठा घोळ 'स्ट्राइक'चा आहे. क्रिकेटमध्ये स्ट्राइकवर असणे म्हणजे चेंडू खेळायची पाळी असणे. एसटीची स्ट्राइक म्हणजे संप. शब्दकोशात पाहिले तर मारणे. बेसबॉलमध्ये मात्र चेंडू नुसता सोडला तरी स्ट्राइक. नवीन मुलगा हमखास विचारतो, "मारलंच नाई त स्ट्राइक कायचा, सर?" प्रश्न रास्त आहे. सुरुवातीच्या काळात स्ट्राइक म्हणजे खरोखरच बॅट फिरवून चुकणे होते. मनाजोगा चेंडू येईपर्यंत बॅटर खुशाल उभा राही आणि खेळ पुढे सरकत नसे. १८५८ मध्ये नियम झाला की चांगला चेंडू सोडणाऱ्याला पंचाने स्ट्राइक द्यावा. पिचरही मुद्दाम लांबचे चेंडू टाकून वेळ काढत, म्हणून १८६३ पासून 'बॉल' मोजले जाऊ लागले. १८७९ मध्ये फुकटचा बेस मिळायला नऊ बॉल लागत. १८८९ मध्ये ते चारावर आले. म्हणजे न मारलेला स्ट्राइक हा वेळकाढूपणावरचा दंड आहे. मुलांना हे एवढेच सांगितले तरी शब्द पक्का बसतो.

तो दंड द्यायचा म्हणजे चांगला चेंडू कोणता ते ठरवावे लागणार. चांगला चेंडू ज्या उभ्या चौकटीतून जायला हवा, ती चौकट १९५०, १९६३, १९६९, १९८८ आणि १९९६ मध्ये बदलली. १९६३ मध्ये ती खांद्यापर्यंत वर नेली, तेव्हा पिचर इतके वरचढ झाले की १९६९ मध्ये ती काखेपर्यंत खाली आणून पिचरचा उंचवटाही १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला. रुंदी मात्र या सगळ्या काळात तीच राहिली: बॅटर जिच्याशेजारी उभा राहतो ती जमिनीतली प्लेट १७ इंच, म्हणजे ४३ सेंटीमीटरला किंचित जास्त.

याच प्लेटने एकदा पट्टीचे काम केले आणि त्यातून या खेळातला सर्वांत बोलका निकाल निघाला. तारीख २४ जुलै १९८३, जागा न्यूयॉर्क. भारताने लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकून जेमतेम महिना झाला होता. नवव्या इनिंगमध्ये कॅन्सस सिटीचा संघ ३-४ असा मागे, दोन बाद, एक धावपटू बेसवर. बॅटरने होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा थेट सीमेपार फटका) मारला आणि गुणफलक ५-४ झाला. तेवढ्यात यजमान संघाच्या व्यवस्थापकाने पंचांकडे येऊन बॅट तपासायला सांगितले.

आक्षेप होता बॅटवरच्या पाइन टारबद्दल. पाइन टार म्हणजे पाइनच्या लाकडातून काढलेला, डांबरासारखा काळपट चिकट द्रव. हात घामेजले की बॅट निसटू नये म्हणून तो मुठीकडे लावतात. नियम असा की मुठीच्या टोकापासून १८ इंचांपर्यंतच लावायचा. मुख्य पंचाने बॅट प्लेटवर आडवी धरली. प्लेट १७ इंच, वर आणखी एक इंच मोजला की १८. चिकटा त्याच्या चांगलाच पुढे गेलेला दिसला. पंचाने बॅटरकडे बोट दाखवून त्याला बाद दिले. तिसरा बाद, सामना संपला, न्यूयॉर्क ४-३ ने विजयी. बॅटर डगआउटमधून असा उसळून धावला की त्याला धरून ठेवायला माणसे लागली.

पंचाचे चुकले काय? कागदावर काहीच नाही. बॅट नियमाबाहेरची होती, आणि नियमाबाहेरच्या बॅटने मारणारा बाद असे दुसरे कलम होते. दोन्ही जोडली की निकाल तयार. शिवाय १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्याच एका बॅटरला याच कारणावरून बाद दिले गेले होते आणि तेव्हा कोणी निषेध नोंदवला नव्हता.

कॅन्सस सिटीने निषेध नोंदवला. चार दिवसांनी लीगच्या अध्यक्षांनी तो मान्य केला. त्यांचे म्हणणे होते की १८ इंचांची मर्यादा कशासाठी घातली ते आधी पाहिले पाहिजे. पाइन टारने चेंडू लांब जात नाही. बॅट पोखरून आत बूच भरणे आणि मुठीवरचा चिकटा चार बोटे वर जाणे या एका तागडीत घालायच्या गोष्टी नाहीत. मर्यादा होती ती चेंडू काळा पडून वारंवार बदलावा लागू नये म्हणून. बॅट बाजूला काढायला हवी होती, धावा काढून घ्यायला नको होत्या. होमरन परत मिळाला.

या निकालावर अजूनही दोन तट आहेत, आणि ते आपल्याकडच्या पानठेल्यावरच्या तटांसारखेच आहेत. एक म्हणतो, नियम लिहिला आहे तर तो तसाच लावा, नाहीतर उद्या प्रत्येक जण हेतू सांगत बसेल. दुसरा म्हणतो, चुकीला तिच्या वजनाएवढीच शिक्षा हवी. पहिल्या बाजूत तथ्य आहे. गावातल्या स्पर्धेत पंचाला हेतूचा विचार करायची मोकळीक दिली की ओळखीच्या संघाला झुकते माप मिळण्याची वाट खुली होते. तरीही निकाल बरोबरच होता, कारण तक्रारीची वेळ बघा. बॅट आधीपासून डोळ्यांसमोर होती, आणि आक्षेप आला तो होमरन गेल्यावर. पुढे नियमच तसा दुरुस्त झाला: बॅट वापरण्याआधी हरकत घेतली नसेल, तर नंतर चिकटा जास्त निघाला तरी झालेला खेळ रद्द होत नाही. पंचाने बॅट बाहेर काढायची, एवढेच.

उरलेला सामना १८ ऑगस्टला खेळला गेला. तिकिटांवरून काही प्रेक्षक न्यायालयात गेले, स्थगिती मिळाली आणि खेळ सुरू होण्याआधी वरच्या न्यायालयाने ती उठवली. स्टेडियममध्ये जेमतेम बाराशे माणसे होती. यजमान व्यवस्थापकाने निषेध म्हणून पिचरला सेंटर फील्डला (मैदानाच्या मागच्या मधल्या भागात) आणि डावखुऱ्या खेळाडूला सेकंड बेसवर उभे केले. त्या जागी डावखुरा कोणी ठेवत नाही, कारण फर्स्ट बेसकडे फेकायला त्याला पूर्ण वळावे लागते. मग व्यवस्थापकाने शेवटचा डाव टाकला: होमरनच्या वेळी बॅटरने सगळे बेस शिवले होते हे नव्या पंचांना काय ठाऊक? पंचांनी खिशातून प्रतिज्ञापत्र काढले. जुलैच्या चारही पंचांनी सही करून दिले होते की सगळे बेस शिवले गेले. दहा मिनिटांच्या आत सामना संपला, ५-४. कोर्टकचेरीची सवय असलेल्या आपल्या भागाला त्या प्रतिज्ञापत्राचे मोल वेगळे सांगायला नको.

गावच्या मैदानावर हाच प्रश्न ग्रिपच्या रूपात येतो. अॅल्युमिनियमच्या बॅटची मूळ ग्रिप फाटली की सायकलच्या ट्यूबची पट्टी किंवा इलेक्ट्रिकची टेप गुंडाळतात. सॉफ्टबॉलमध्ये ग्रिप कमीत कमी १० इंच आणि टोकापासून जास्तीत जास्त १५ इंच असावी. टेप वरपर्यंत गेली की सामन्याच्या मध्येच वाद उभा राहतो. सामन्याआधी दोन्ही संघांच्या बॅटी एका रांगेत मांडून मोजाव्यात, हा साधा इलाज आहे. मोजायला टेप नसेल तर प्लेट चालते, पण ती आधी स्वतः मोजलेली असावी. प्लायवूडच्या किंवा जुन्या रबराच्या घरगुती प्लेटा कधी कधी १७ इंचांपेक्षा कमी भरतात, आणि मग बॅटीचे मापही चुकते, स्ट्राइकची चौकटही अरुंद होते.

१९८३ नंतर वादाचे केंद्र पट्टीवरून डोळ्यावर आले. २ जून २०१० रोजी डेट्रॉइटमध्ये एका पिचरने सलग २६ बॅटर बाद केले होते. सत्ताविसावा फर्स्ट बेसवर स्पष्ट बाद होता, पंचाने त्याला सुरक्षित दिले. सलग सत्तावीसही बाद करण्याचा असा परिपूर्ण सामना फार थोड्यांच्या नशिबी येतो. पंचाने चित्रफीत पाहून त्याच रात्री चूक कबूल केली. दुसऱ्या दिवशी त्याच पिचरने मैदानावर येऊन त्याच्या हातात संघाची यादी दिली, आणि पंचाला अश्रू आवरले नाहीत. लीगने निर्णय मात्र बदलला नाही. होमरनपुरता व्हिडिओ २००८ पासून होता. २०१४ पासून असे बेसवरचे निर्णयही त्यात आले.

फर्स्ट बेसचा निर्णय कसा देतात हे पाहिले तर ही चूक समजते. पंचाची नजर बेसवर, म्हणजे पायावर असते, आणि कान ग्लोव्हमध्ये चेंडू बसल्याच्या आवाजाकडे. आधी काय झाले, पाय की आवाज? आपल्याकडे शेजारी लाऊडस्पीकरवर गाणी लागलेली असली की कान निकामी होतो. त्यात बहुतेक सामन्यांना एक किंवा दोनच पंच. निदान निर्णायक इनिंगला तरी स्पीकर बंद ठेवावा.

दुसरे भांडण रेषेचे. शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात, काळ्या जमिनीत फक्की धुऊन जाते आणि चेंडू फेअर (रेषेच्या आत) की फाउल (बाहेर) ते आठवणीवर ठरते. फाउल लाइन खेळातच धरतात. रेषेवर पडलेला चेंडू फेअर.  रेषा कळीच्या चुन्याने आखू नये, डोळ्यात गेला तर भाजते. आखणी प्लेटच्या मागच्या टोकापासून करायची. सॉफ्टबॉलसाठी त्या टोकापासून सेकंड बेसच्या मध्यापर्यंत २५.८६ मीटर, मग दोन्हीकडून १८.२९ मीटर टेप ताणून जिथे टोके मिळतात तिथे फर्स्ट आणि थर्डचा बाहेरचा मागचा कोपरा. बेसची पूर्ण गादी रेषेच्या आत. नायलॉनची दोरी ताणली जाते, तिच्यावर भरवसा ठेवू नये.

दाद मागायची नवी पद्धत आपल्या पोरांना परकी वाटू नये. विटी-दांडूत बऱ्याच गावांत हेच होते: विटी किती दांडू लांब गेली ते मारणाऱ्याने अंदाजाने मागायचे, समोरच्यांना पटले नाही तर दांडू टाकून मोजायचे, आणि मागितल्यापेक्षा कमी भरले तर डाव गेला. खोटी दाद महाग पडते, म्हणून माणूस जपून बोलतो.

यंत्राची चौकट खेळाडूच्या उभ्या उंचीवरून काढतात: वरची कड उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर. १५० सेंटीमीटर उंचीच्या मुलीसाठी वरची ८०.२५ आणि खालची ४०.५ सेंटीमीटर. बेसबॉलच्या सरावाला दोन बांबू प्लेटच्या रुंदीएवढ्या अंतरावर रोवून त्यांच्यामध्ये दोन सुतळ्या बांधल्या की पिचरला चौकट डोळ्यांनी दिसते. सुतळी सैल पडून मध्ये झोळ येतो, तो रोज ताणावा लागतो. मात्र आपल्या स्पर्धांत पंच बेसबॉलच्या नियमपुस्तकातली चौकट लावतो, आणि ती बॅटर मारायच्या पवित्र्यात असतानाची धरायची असते: वर खांदा आणि कंबरपट्टा यांच्या मधोमध, खाली गुडघ्याच्या वाटीखाली. तेव्हा सुतळी बांधताना मुलीला हातात बॅट देऊन, गुडघे वाकवून उभी करावी आणि मग माप घ्यावे.