कामोणीचा सहापदरी वारसा

परभणी-हिंगोलीकडे पाऊस ओसरला की धुऱ्यावर, उकिरड्याच्या कडेला आणि पाटाच्या ओलीवर कामोणी उगवते. तिची पिकलेली फळे मुले आवडीने खातात. हिरव्या फळांत सोलॅनिन हे विषारी द्रव्य असल्याने ती मात्र खाऊ नयेत. आपण सरसकट कामोणी म्हणतो ती वनस्पती खरे तर एक नाही. भारतात आढळणाऱ्या तीन भावंडांपैकी बारीक, चकचकीत काळ्या फळांच्या सोलॅनम अमेरिकॅनमच्या पेशीत 24, नारिंगी-पिवळ्या फळांच्या सोलॅनम व्हिलोसमच्या पेशीत 48 आणि निस्तेज जांभळट-काळ्या फळांच्या सोलॅनम नायग्रमच्या पेशीत 72 गुणसूत्रे असतात. बारांचा एक संच धरला, तर नायग्रममध्ये असे सहा संच नांदतात.

हे सहा संच आले कोठून? बहुतेक अभ्यासकांच्या मते पहिल्या दोघींच्या संकरातून. व्हिलोसमच्या जननपेशीतील 24 आणि अमेरिकॅनमच्या जननपेशीतील 12 एकत्र आली, की 36 गुणसूत्रांचे रोप तयार होते. परंतु त्यातील अनेक गुणसूत्रांना जोडीदारच नसल्याने ते वांझ राहते. पेशीविभाजनातील एखाद्या चुकीने ही संख्या दुप्पट झाली, तर प्रत्येक गुणसूत्राला जोडी मिळते आणि रोपाला बी धरते. मराठवाड्याला याचा दाखला दूर शोधायला नको: गावरान कापसात 26 गुणसूत्रे असतात, तर अमेरिकन कापसात 52, आणि त्या 52 मध्ये दोन वेगळ्या पूर्वजांचे संच आहेत.

अशा वनस्पतीचा जनुकसंच, म्हणजे गुणसूत्रांतील डीएनएचा अक्षरशः सगळा मजकूर, वाचणे फार कष्टाचे असते. सहा संच म्हणजे जवळजवळ सारख्या तीन जोड्या. एकाच पोथीच्या, किरकोळ पाठभेद असलेल्या तीन प्रती फाडून त्यांचे कपटे एकत्र मिसळावेत, तशी ही अवस्था असते. डीएनएच्या दीडशे अक्षरांचा कपटा कोणत्या प्रतीचा, हे बहुधा सांगताच येत नाही. पंधरा-वीस हजार अक्षरांचा सलग तुकडा वाचता आला, की त्यात पुरेसे पाठभेद सापडतात आणि प्रती वेगळ्या करता येतात. मग त्या संभाव्य पूर्वजांच्या जनुकसंचाशी ताडून पाहतात. या कामात 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकॅनमचा जनुकसंच मोलाचा आहे. याच झाडातून बटाट्याच्या उशिरा येणाऱ्या करप्याला रोखणारी जनुके मिळाली आहेत, म्हणून धुऱ्यावरचे हे तण मला जपण्याजोगे वाटते.

शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखालीही या वाढीची खूण दिसू शकते. तिघींच्या पानांची खालची साल सोलून शेजारी ठेवली, तर संच वाढत जातात तशी पर्णरंध्रे साधारणपणे मोठी होत गेलेली आढळतात.